आईची बस

दि. ९ मार्च

चि. सौ. बबडीस, आईचे अ. उ. आ.

वि. वि. इथे येऊन मला महिना होत आला आणि तू अजून रुसलेली आहेस, हे तुझ्या न आलेल्या पत्रांवरून कळतं. स्टेशनवर सोडायला आलीस तेव्हाही माझ्याशी न बोलता माझ्या फोनशीच खुडबुड करत होतीस आणि शेवटी तो पुरता चार्ज करून माझ्या पिशवीत टाकलास. तो कपाटात लोकरीच्या मोज्यांखाली गाढ झोपला आहे. इथे त्याला उठवून उपयोग नाही.

या खोऱ्यात मोबाईल नाही, वायफाय नाही, आणि असावं असं कोणाला वाटतही नाही. कारण वेधशाळेची ती अवाढव्य तबकडी. गावातले लोक तिला नुसतं ‘कान’ म्हणतात. तारे फार लांबून, फार हळू काहीतरी सांगत असतात आणि आपल्या फोनच्या कलकलाटात ते तिला ऐकू येत नाही, असं साहेबांनी मला समजावलं. मी म्हटलं, आमच्या घरात माझंही तेच होत होतं. साहेब हसले नाहीत. ते विश्रामगृहाचे व्यवस्थापक आहेत, हसणं त्यांच्या कामात मोडत नाही.

काम सोपं आहे. इस्पितळाच्या कपडेखोलीत जन्म काढलेल्या बाईला पाहुण्यांच्या बारा खोल्यांच्या चादरी, उशा, पडदे म्हणजे भातुकली. पाहुणे सगळे शास्त्रज्ञ. रात्रभर आकाश ऐकतात आणि दिवसभर चपला कुठे काढल्या ते शोधतात.

पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीच्या दारात एक माणूस उभा राहिला. खांद्यावर पेटी, हातात काठीसारखा एरियल. याला गावात हुंगेवाला म्हणतात. कोणाच्या घरातून चोरटा सिग्नल निघतो ते तो गाडीतून हुंगत फिरतो. त्याने अदबीने विचारलं की बाई, तुमच्याकडे विजेवर चालणारं काही आहे का. निघाली तू दिलेली गुडघे शेकायची गादी. तिचं बटण खराब होतं आणि ती म्हणे दूरच्या कुठल्याशा आकाशगंगेहून मोठ्याने ओरडत होती. माझ्या गुडघ्यांचा आवाज ताऱ्यांपर्यंत गेला, याचा मला थोडा अभिमानच वाटला. आता गरम पाण्याची पिशवी वापरते.

विश्रामगृहाच्या कचेरीत तारेचा फोन आहे, तो तू निकडीला कर. पण रोज नको. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात तुला ऐकावंच लागतं.

छकुलीला माझे पापे. जावईबापूंना म्हणावं, चहात साखर कमी.

लोभ आहेच, तो राग गिळून वाढव.
तुझी आई

*

दि. २१ मार्च

ती. आईस शि. सा. न.

वि. वि. रुसले नव्हते. पत्र कसं लिहितात तेच विसरले होते. पाकीट आणायला तीन दुकानं हिंडले. तिसऱ्याने विचारलं की सरकारी काम आहे का.

तू मजेत आहेस हे वाचून बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. खरं सांगते, त्रासात असतीस तर मला न्यायला येता आलं असतं. छकुली रोज तुझ्या खोलीत जाऊन पलंगाखाली बघते. पाळणाघरात तिने एका मुलाला चावून मैत्री केली. ह्यांना आता स्वयंपाकातलं सगळं येतं, म्हणजे अंडं येतं.

माझं मात्र चित्त थाऱ्यावर नाही. दुपारी तीन वाजले की हात आपोआप फोनकडे जातो. तू तीनला कुठे असशील, जेवलीस का, गोळी घेतलीस का. तू म्हणशील मी तुला पोलिसासारखी विचारते. विचारते. इथे असताना तू वैतागायचीस पण उत्तर तर द्यायचीस. आता उत्तर येतं बारा दिवसांनी आणि तेही शेकायच्या गादीवर.

मला बढती मिळण्याची शक्यता आहे. मिळाली तर घरी यायला रोज उशीर होणार. मे अखेरपर्यंत तू परत आलीस तर सगळं सुरळीत होईल. तोवर तुझी हौसही फिटेल. आग्रह नाही, पण आहेच.

पत्र पोचल्याचं पत्र लगेच पाठव, ही विनंती समज नाहीतर हुकूम.
तुझीच
बबडी

*

दि. ६ मे

चि. बबडीस अ. उ. आ.

वि. वि. तुझ्या बढतीची बातमी पोचली. आनंदाने मी ती दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहिली. या गावाचं सगळं त्या फळ्यावर असतं. कोणाची गाय व्याली, डॉक्टरीणबाई कोणत्या वारी येणार, शिलाईयंत्र विकणे आहे. तुझ्या बातमीखाली तीन अनोळखी माणसांनी अभिनंदन लिहिलं आणि एका पोराने, पेढे कुठे आहेत.

आता माझी बातमी. ही बसून वाच.

इथे घाट ओलांडून जाणारी एकच बस. सकाळी मुलांना पलीकडच्या शाळेत नेते, दुपारी त्यांना घेऊन परत. तिच्यातून औषधं येतात, टपाल येतं, पाववालीचा मैदा येतो, म्हाताऱ्यांना इस्पितळात नेणं-आणणं तिच्यावरच. तुम्हाला फोन तशी आम्हाला ही बस. ती कप्तान चालवतो. त्याचं खरं नाव बहुतेक त्यालाही आठवत नसेल. तीस वर्षं त्याने हा घाट चालवला, पण आता डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की यापुढे गाडी नाही. तो दवाखान्याच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसून राहिला.

बसकंपनीने एक उसना ड्रायव्हर पाठवला आहे, तो सप्टेंबरअखेरपर्यंतच. तोवर गावाने आपला ड्रायव्हर उभा केला नाही तर बस बंद. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. तरणीताठी मुलं ज्यांना गाडी येते ती बाहेर गेली, फोन नाही तिथे राहणार नाही म्हणाली. उरले ते एकमेकांकडे बघत होते. मुलांच्या आया म्हणाल्या, मग आम्हालाही गाव सोडावं लागेल. कप्तानाने विचारलं की कोणाकडे निदान साधं लायसन्स आहे का. बबडे, माझा हात वर गेला. मी वर केला नाही, तो गेला.

तुला ठाऊक नाही, पण माझ्याकडे लायसन्स आहे. तुझ्या जन्माआधी तुझ्या बाबांनी रविवारी रविवारी मोकळ्या मैदानावर मला ट्रक शिकवला होता. क्लच सोडताना मी डोळे मिटायचे, यावर ते इतके हसायचे की गाडी बंद पडायची. पुढे तू झालीस, इस्पितळ लागलं, गाडी चालवायची वेळच आली नाही. पण लायसन्स मी दर वेळी न चुकता पुढे करून घेतलं. का, ते विचारू नकोस. माणूस एखादी पैठणी ठेवतो ना तसं.

आता कप्तान शिकवतो आहे. त्याला धूसर दिसतं पण इंजिन कण्हलं की लगेच कळतं. वेधशाळेमागच्या मोकळ्या जागेत आम्ही सराव करतो. पहिल्या दिवशी मी कुंपण पाडलं. ते पडायलाच आलं होतं, असं सगळ्यांनी मोठ्या मनाने म्हटलं.

मे अखेर येणं जमणार नाही. छकुलीसाठी स्वेटर पाठवते आहे.

रागावशील, पण लोभाला धक्का लागू देऊ नकोस.
तुझी आई

*

दि. १७ मे

ती. आईस शि. सा. न.

वि. वि. पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तू थट्टा करते आहेस असं वाटलं, मग कळलं की नाही.

सत्तावन्न वर्षांची बाई घाटात बस चालवणार. भरलेली, पोरं असलेली. मधेच काही झालं तर कोणाला कळवणार आहेस. फोनही नाही. आई, गावाचं भलं करायला गावात दुसरं कोणी मिळालं नाही का.

हे म्हणाले की आईंना जमेल. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मला हे मान्य नाही. यापेक्षा जास्त लिहिवत नाही. तुला जे वाटायचं ते वाटो.
बबडी

*

दि. २४ जून

चि. बबडीस आशीर्वाद.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत.

पहिली, मी परीक्षेत नापास झाले. घाटाखालच्या शहरात परिवहन कार्यालय आहे, तिथे. पुढे सगळं नीट चालवलं, पण बस मागे घेऊन दोन खांबांमध्ये उभी करायची होती, ती तिरकी गेली आणि एक खांब आडवा झाला. परीक्षक सज्जन होता. मावशी, घरी नातवंडं नाहीत का सांभाळायला, असं त्याने विचारलं. आहे, पण तिला सांभाळायला तिची आई आहे, मी मोकळी आहे, असं मी सांगितलं. गावात उतरताना कप्तान म्हणाला की मागे जाताना माणसाला आधी थांबता आलं पाहिजे, उद्या सातला या.

दुसऱ्या दिवशी सातला मी गेले तर साहेबांनी कचेरीत बोलावलं. ही दुसरी गोष्ट. तुमच्या मुलीचा फोन आला होता म्हणाले. तुम्हाला रक्तदाब आहे, चक्कर येते, हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. वेधशाळेच्या जागेत सराव करायला आता परवानगी देता येणार नाही. मी त्यांच्यासमोर उभी होते आणि माझे कान तापले. इस्पितळातल्या बायांनीसुद्धा मला कधी तसं खाली बघायला लावलं नव्हतं.

बबडे, मला एकदाच चक्कर आली होती. छकुली झाली तेव्हा, तुझ्या खाटेशी दोन रात्री बसले होते म्हणून. ती तू माझ्याविरुद्ध वापरलीस.

तुझ्या घरी मी सुखात होते. पण सुखात ठेवलेली होते. भाजी आणायला गेले तर तीन फोन. बागेत बसले तर, आई कुठे आहेस. मी कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, मी कोण आहे ते विचारायला कोणाला सवड नव्हती. इथे मला कोणी शोधत नाही. मी चारला येते म्हटलं की चारला माझी वाट बघतात, कारण उशीर होतोय हे कळवायची सोयच नाही. म्हणून इथे माणसं शब्दाला जागतात. मी सभेत हात वर केला, तो शब्द आहे.

मी परत परीक्षेला बसणार आहे. जागा देवो न देवो.

तुला थंडी वाजू नये एवढंच मागते.
आई

*

दि. ५ जुलै

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. गेले नाही. फोन बंद करून तुझ्या खोलीत बसले. छकुली येऊन मांडीवर बसली.

फोन मी केला होता. खोटं बोलले. त्याचं समर्थन नाही. पण का केला ते तुला एकदा लिहून सांगते, कारण तोंडाने आपण दोघींनी ते कधीच बोलून घेतलेलं नाही.

बाबा घाटातल्या अपघातात गेले तेव्हा घरी मी एकटी होते. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. फोन वाजला आणि मी उचलला. त्या माणसाने विचारलं की घरात मोठं कोणी आहे का. मी म्हटलं, आहे, मीच. मग मी इस्पितळापर्यंत पळत आले. तू चादरी मोजत होतीस. माझा चेहरा पाहिलास, शेजारच्या बाईला आकडा सांगितलास, आणि मग खाली बसलीस. ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून फोन वाजला की पोटात गोळा येतो आणि वाजला नाही की त्याहून मोठा येतो. म्हणून मी दिवसभर तुला फोन करत होते. तुझा आवाज आला की गोळा विरघळायचा, तासभर.

आणि आता तू घाट म्हणालीस.

ह्यांनी मला एकच विचारलं. बाबांना घाटाने नेलं का. मला उत्तर द्यायला वेळ लागला. घाटाने नाही, झोपेने. ट्रकचा मालक तीन दिवस त्यांना फिरवत होता, आणखी एक फेरी, आणखी एक फेरी. तू तर नऊला घोरायला लागतेस.

साहेबांना सोबत वेगळं पत्र पाठवलं आहे. त्यात लिहिलं आहे की मी दिलेली माहिती चुकीची होती, आईची प्रकृती उत्तम आहे, डॉक्टरकडून खात्री करून घ्यावी. रक्तदाब माझा वाढतो, तिचा नाही.

खांब पाडू नकोस. पाडलास तर परत उभा कर. मी फोन करणार नाही. परीक्षा झाली की लिही, मी टपालवाल्याची वाट बघते आहे. आयुष्यात पहिल्यांदा तो मला देखणा वाटतो.

आईच्या पदराखाली जागा ठेव.
तुझीच वेडी
बबडी

*

दि. १९ सप्टेंबर

चि. सौ. बबडीस अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. पास झाले.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण तू मला सोडायची नाहीस, म्हणून सगळं सांगते.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी साहेबांनाही मिळालं. त्यांनी मला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी हाताला पट्टा आवळला, आकडा पाहिला आणि असा रक्तदाब मला हवा होता म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी सरावाच्या जागेवर गेले तर साहेब स्वतः हातमोजे घालून रिकामी पिंपं मांडत होते, दोन दोन खांबांसारखी. मग रोज संध्याकाळी ते घड्याळ लावून उभे राहायचे. एकदा मी पिंपाला नुसता गंधाचा टिळा लावावा तसा धक्का दिला तेव्हा ते हसले. हुंगेवाला तिथेच होता. त्याने पेटी उघडून बघितली, म्हणाला हसण्याची नोंद झाली नाही.

मागे जाण्याची भानगड अशी होती, की मी आरशात बस बघत होते. कप्तानाने सांगितलं की बस बघू नका, जागा बघा. बस तुमचीच आहे, ती येते मागून. त्या दिवसापासून सुटलं.

परीक्षेला तोच परीक्षक. मला बघून त्याने खांब जरा लांब सरकवले. मी खाली उतरले आणि ते होते तिथे परत आणून ठेवायला सांगितलं. मग मागे घेतली. सरळ, एका दमात, पट्टीने रेघ ओढावी तशी. तो खिडकीपाशी येऊन म्हणाला, मावशी, नातवंडांना बसायला पाठवा.

आता गंमत ऐक. गावाला कळवायचं कसं. दुकानात फोन आहे, पण कप्तान म्हणाला करू नका. उसन्या ड्रायव्हरला आम्ही मागे बसवलं, त्याने वर्तमानपत्र उघडलं, आणि दुपारची बस मी काढली. मुलं शाळेतून चढली. कोणी गोंगाट केला नाही, सगळी शहाण्यासारखी हात मांडीवर ठेवून बसली. घाट चढले, उतरले. शेवटच्या वळणावरून गाव दिसतं, आणि गावालाही बस दिसते. दुकानापुढच्या भिंतीवर दोन आज्या बसलेल्या असतात, त्यांनी पहिल्यांदा बघितलं की स्टिअरिंगमागे टोपी नाही, अंबाडा आहे. खाली पोचेपर्यंत सगळा गाव रस्त्यावर. पाववाली पिठाच्या हातांनी आली होती. शिक्षक, डॉक्टरीणबाई, गोठ्यातून उठून आलेले. टाळ्या थांबेनात. मी हॅन्डब्रेक ओढला, दार उघडलं आणि मुलांना आधी उतरू दिलं. मग कप्तान उतरला. त्याने आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं की हिला आजपासून मी घाबरणार नाही, तुम्हीही घाबरू नका. तो रडत होता. मीही. तुझे बाबा असते तर क्लचवरून हसले असते.

मुलं आता मला कप्तानीणबाई म्हणतात. पहिल्या तारखेपासून बस माझी.

छकुलीला घेऊन कधी येतेस. स्टेशनपासून मी आणीन.

लोभ आता दुप्पट करावा, ही कप्तानीणबाईची आज्ञा.
आई

*

दि. २२ ऑक्टोबर

प्रिय नवरोबास, साष्टांग नाही, साधा नमस्कार.

वि. वि. लग्नाला सहा वर्षं झाली आणि हे माझं तुला पहिलं पत्र. तू आईबद्दल म्हणालास ते बरोबर होतं. हे लेखी देते, जपून ठेव, परत मिळणार नाही.

काल दुपारी स्टेशनबाहेर बस उभी होती. आई कंपनीच्या जाकिटात चाकं लाथेने तपासत होती. मी धावत गेले, गळ्यात पडायला. तिने सांगितलं की आधी सामान चढव, पाच मिनिटांत निघायचंय, मग रडू. छकुलीने मात्र तिला ओळखलं आणि तिच्या कडेवरून उतरायलाच तयार होईना. शेवटी कप्तानाने तिला मांडीवर घेतलं. तो आता रोज प्रवासी म्हणून येतो. टोपी आईने त्याला परत दिली आहे.

शाळेतली मुलं चढली, पाववाली चढली, एक म्हातारा प्लॅस्टरमधला पाय घेऊन चढला. मी आईच्या मागच्या बाकावर. घाट सुरू झाला आणि मी पुढची दांडी घट्ट धरली. आईच्या मानेकडे बघत बसले. बाबा चालवायचे तेव्हा मी असंच त्यांच्या मानेकडे बघायचे.

माथ्यावर पोचलो आणि धुकं आलं. आलं म्हणजे कोणीतरी पांघरूण टाकल्यासारखं. काचेपुढे काही दिसेना. आईने बस कडेला न घेता होती तिथेच थांबवली, कारण कडा कुठे आहे तेच दिसत नव्हतं. ब्रेक ओढला, दिवे लावले आणि मागे वळून शांतपणे सांगितलं की घाबरायचं काही नाही, पण इथे थांबून राहता येणार नाही, मागून दुधाचा टँकर येतो. दोघांनी पुढे चालायचं, एकाने डोंगराकडून, एकाने दरीच्या कठड्याला हात लावून. मी त्यांच्या आवाजावर येते. पाववाली उठली. तिच्या पाठोपाठ प्लॅस्टरवाला म्हातारा उठायला लागला, त्याला सगळ्यांनी दाबून बसवलं. मग आईने माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही, नुसतं बघितलं.

मी उतरले. फोन हातात होता, सवयीने. त्यात काहीच नव्हतं. खिशात टाकला, कारण कठड्याला लावायला हात मोकळा हवा होता. थंड, ओला दगड. मी चालायला लागले आणि ओरडायला लागले. ये, ये, सरळ ये, थोडी डावीकडे, ये. मागे इंजिनची घरघर, माझ्याच चालीने. मी थांबले की थांबायची. मी पाऊल टाकलं की यायची. वळण आलं की मी सांगायचे आणि ती दोन पिवळे दिवे हळूच वळवायची. पाववालीचा आवाज पलीकडून यायचा, माझा अलीकडून, मधे आई. आत मुलांना कप्तानाने पाढे म्हणायला लावले होते, ते ऐकू येत होते. सत्तावीसच्या पाढ्यावर सगळी अडकली आणि छकुली एकटीच काहीतरी म्हणत राहिली.

किती वेळ चाललो कोण जाणे. मला एवढंच आठवतं, की मधे कधीतरी माझ्या लक्षात आलं, पोटात गोळा नाही. माझी आई माझ्या पाठीशी वीस माणसं घेऊन येत होती आणि माझ्या शब्दावर येत होती. मी चुकले असते तर ती चुकली असती. तरी तिने मलाच उतरवलं.

उतारावर धुकं विरळ झालं आणि समोर ट्रॅक्टर दिसला. बस वेळेवर आली नाही म्हणून गाव वर निघालं होतं. पुढे साहेब कंदील धरून, मागे डॉक्टरीणबाई पेटी घेऊन, दोऱ्या, घोंगड्या, पाणी. आईने खिडकीची काच खाली केली आणि विचारलं की आज सभा घाटात आहे का. असे हसले सगळे. साहेबांनी कंदील खाली ठेवला आणि रस्त्यातच बसले. ट्रॅक्टर वळवता येईना, म्हणून आईने बसच थोडी मागे घेऊन त्याला जागा करून दिली. घाटाच्या वळणावर, उतारावर, मागे. कप्तान खिडकीतून डोकं काढून जो भेटेल त्याला विचारत होता की पाहिलंत का. त्याला स्वतःला दिसलं नसेल, तो आवाजावरच खूश होता. तशीच पुढे ट्रॅक्टर आणि मागे बस अशी आमची वरात गावात शिरली.

खाली उतरल्यावर आईने मला जवळ घेतलं आणि कानाशी म्हणाली की आवाज बाबांवर गेलाय, दरीपलीकडे ऐकू गेला असेल. मग आम्ही दोघी रडलो, सामान उतरवून झाल्यावर.

आज सकाळी जाग आली तेव्हा खोलीत ऊन होतं. आई मुलांना घेऊन कधीच गेली होती. टेबलावर चहा झाकून ठेवलेला, छकुलीच्या हातात पाव. खिडकीतून तो कान दिसतो, केवढा मोठा आणि किती गप्प. मी चहा घेतला, पत्र लिहायला बसले, आणि दुपारचे तीन वाजून गेले ते मला कळलंही नाही. आई या क्षणी कुठे आहे, ठाऊक नाही. सव्वाचारला ती दुकानासमोर दार उघडेल. मी आणि छकुली भिंतीवरच्या आज्यांशेजारी जागा धरायला निघालो आहोत.

आठवडाभर आणखी राहते. रजा वाढवून घेतली, दुकानातल्या फोनवरून, माझ्या ऑफिसातल्या साहेबाचं वाक्य पुरं होऊ न देता.

अंडं खाऊन कंटाळलास की निघून ये. बस मिळेल.
तुझीच
बबडी